एकेचाळिसावा डबा

मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसहाला,
किसुमूच्या पॉलिटेक्निकात मी मागच्या बाकावर बसते.
पोरं मधे एक बाक सोडून बसतात.
अंगाला ओमेनाचा वास असतो,
बोटाएवढी रुपेरी मासळी, दिवसभर जाळीवर वाळवलेली.
साबणाने जात नाही. मीही आता घासत नाही.

ओटियाटो सर फळ्यावर एक वाकडी रेघ काढतात,
तिला एकाच ठिकाणी टेकणारी दुसरी, सरळ.
म्हणतात, पुढचं विचारू नका, मागचंही नको,
इथे उभं राहून सांगा,
कल कुठे आहे?

कल मला ठाऊक होता.
वाऱ्याचा. गिऱ्हाइकाचा.
डब्यावर हात ठेवून भाव विचारणाऱ्या बाईचा कल
तिच्या चपलेवरून कळतो.
त्याला आकडा असतो, हे नवीन.

सर म्हणाले, तुमचाच धंदा घेऊ, मिसेस अपोंडी.
मी वही उघडली, उधारीची; दुसरी नव्हती.
पंधराशे तर बाजारात पाय ठेवायच्या आधीच गेलेले.
पुढे साठाच्या वर एकेक शिलिंग चढत जाणारा डब्याचा खर्च,
आणि जितके डबे मांडावेत
तितका सगळ्याच डब्यांचा उतरत जाणारा भाव.
मी साठ नेते.
साठ डबे वाहणारी बाई म्हणून मला मान आहे.

विकलज काढला. वजाबाकीचं चिन्ह चुकलं, परत काढला.
मधेच वीज गेली, पोरांनी मोबाइलचे दिवे धरले,
पहिल्यांदाच इतक्या जवळ आली.
उत्तर आलं: चाळीस.

चाळीस डब्यांवर हातात नऊशे.
साठांवर तीनशे.
म्हणजे वरचे वीस डबे मी रोज मानेवर वाहत होते
सहाशे शिलिंग घालवायला.
एकेचाळिसावा डबा दीड शिलिंग खातो.
दीडच. म्हणून तर इतकी वर्षं दिसला नाही.

मग मी हात वर केला.
सर, पंधराशे कुठे गेले?
पहिल्या ओळीत होते. दुसरीत नाहीत.

त्यात बाजाराची पावती आहे, आणि
माझ्या भावाचं, ओडेराचं, पंधरा घोड्यांचं इंजिन.
इंजिन तळ्यात बुडालं,
हप्ता तरंगतो.

ते स्थिर आहे, सर म्हणाले, त्याचा विकलज शून्य.
किती डबे न्यायचे ह्यात त्याला मत नाही.

मत नाही!
रात्री तीनला मला उठवतं कोण मग?
पोरं हसली. सर हसले नाहीत.
खडू खाली ठेवून म्हणाले,
आहे ते, बाई. जात नाही कुठे.
फक्त त्याला चढ नाही.

बोडाबोडावर मागे बसून घरापर्यंत भांडत आले मनात.
सकाळी चाळीस नेले.
शेजारणी विचारत होत्या, बरं नाही का?
दोन वाजता टोपल्या रिकाम्या.
झाडाखाली बसून गरम उगाली खाल्ली
आणि उरलेल्या हातांचं काय करायचं ते कळेना.

पावसाळ्यानंतर संकलन आलं.
उलटी वाट: नुसता चढ हाती देतात,
डोंगर आपण उभा करायचा.
आणि शेवटी लिहायचं, अधिक स्थिरांक.
जे पुसलं गेलं त्याची जागा राखून ठेवायची,
किती होतं ते कळो न कळो.
हे सगळा वर्ग विसरतो. दरवेळी. गुण जातात.

मी नाही विसरले.
चाचणीत लिहिलं, अधिक स्थिरांक,
आणि जागा होती म्हणून शेजारी, बारीक अक्षरात:
ओडेराचं इंजिन, अजून अकरा.

पेपर परत आला.
गुण पूर्ण. अकराभोवती लाल गोल,
आणि खाली सरांचा प्रश्न:
एकक?